नकाराचा ताळा

७ जानेवारी २०१६. ‘जिम्प्स’ या मोठ्या मूळ संख्या शोधणाऱ्या स्वयंसेवी प्रकल्पाच्या सर्व्हरची नेहमीची देखभाल चालू होती आणि नोंदी चाळताना एका ओळीवर नजर अडली. घातांक ७४२०७२८१, बाकी शून्य. म्हणजे ‘ही मूळ आहे’ असा होकार; बाकी शून्य नसेल तर नकार. ओळ आली होती १७ सप्टेंबर २०१५ ला. अमेरिकेतल्या सेंट्रल मिसुरी विद्यापीठात प्राध्यापक कर्टिस कूपर यांनी कामाला लावलेल्या अनेक संगणकांपैकी एकानं एकतीस दिवस सलग वर्ग करत बसून ती पाठवली होती. २ चा ७४२०७२८१ वा घात, त्यातून १ वजा: २,२३,३८,६१८ अंकांची मूळ संख्या, तोवर सापडलेल्या सगळ्यांत मोठी. अशी ओळ आली की सर्व्हरनं ताबडतोब ईमेल धाडायचा, अशी व्यवस्था होती. प्रोग्रॅममधल्या एका चुकीमुळे तो ईमेल गेलाच नाही. एकशे बारा दिवस ती संख्या डेटाबेसमध्ये नकारांच्या गर्दीत पडून राहिली, आणि तिच्या आजूबाजूला नवे नकार येऊन साठत राहिले.

हा प्रसंग वाचला की मन ईमेलपाशी थांबत नाही, तारखेपाशी थांबतं. शोधाची अधिकृत तारीख १७ सप्टेंबर नाही, ७ जानेवारी आहे. माणसाच्या नजरेला पडली तो दिवस. याला जुना दाखला आहे. १९६१ साली अलेक्झांडर हरविट्झ यांनी लॉस एंजेलिसमध्ये आयबीएम ७०९० या संगणकावर अशाच चाचण्या लावल्या. छापील कागदांची चळत हाती आली तेव्हा शेवटचा निकाल सगळ्यांत वर होता. त्यांनी वरून वाचायला सुरुवात केली. ४४२३ हा घातांक आधी दिसला, ४२५३ काही क्षणांनी. यंत्राला ४२५३ आधी सापडला होता, पण माणसानं तो नंतर वाचला, म्हणून त्याची मूळ संख्या ‘सर्वांत मोठी’ या जागेवर एक क्षणही बसली नाही असं मानतात. गणितज्ञ जॉन सेल्फ्रिज यांनी तेव्हा विचारलं होतं, की यंत्राचा निकाल माणसानं पाहिल्याशिवाय तो आहे असं म्हणायचं का? यावर हरविट्झ यांचा प्रतिप्रश्न असा, की कागदांची चळत रचणाऱ्या ऑपरेटरची नजर आधी पडली असेल तर?

शून्य कधी ना कधी कुणाच्या तरी डोळ्यांत भरतं. नकाराचं काय?

२ च्या घातातून १ वजा केला की येते ती मर्सेन संख्या. या संख्यांतल्या मूळ संख्यांच्या शोधात जवळपास सगळं काम नकारांचं आहे. १९९६ पासून जगभरचे स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर ही मोजणी करताहेत, आणि आजवर, अगदी प्राचीन ३ आणि ७ पासून मोजल्या तरी, अशा मूळ संख्या फक्त बावन्न सापडल्या आहेत. बाकीचे लाखो निकाल ‘ही संयुक्त आहे’ एवढंच सांगतात. या शोधाची खरी कारागिरी शून्य गाठण्यात नाही, शून्य न आलेल्या ओळीवर विश्वास कसा ठेवायचा यात आहे. आपल्याकडे शाळेत गुणाकार झाला की ताळा करायला लावत. तोच हा ताळा, फक्त कोट्यवधी अंकांचा.

चाचणी स्वतः इतकी साधी आहे की वहीच्या अर्ध्या पानावर मावते. एदुआर लुकास यांनी १८७० च्या दशकात तिची कल्पना मांडली, डेरिक लेहमर यांनी पुढे तिला आजचं रूप दिलं. घातांक मूळ संख्याच हवा, कारण तो संयुक्त असला तर त्याची मर्सेन संख्याही संयुक्त असते. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, मर्सेन संख्येनं भागून बाकी ठेवायची. हे घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. घातांक ७ घेऊ, म्हणजे संख्या १२७. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. त्याचा वर्ग १९६, वजा २, १९४. १२७ काढले, उरले ६७. ६७ चा वर्ग ४४८९, वजा २, ४४८७. इथे भागाकार करत बसायची गरज नसते, आणि मर्सेन संख्यांचं सगळं सुख यातच आहे. ४४८७ म्हणजे १२८ चे ३५ गठ्ठे आणि वर ७. गठ्ठ्यांची संख्या आणि सुटे यांची बेरीज केली की बाकी हातात: ४२. द्विमान पद्धतीत तर हे कागदाची घडी घालण्यासारखं आहे, डावीकडचे बिट उजवीकडच्यांवर ठेवायचे आणि मिळवायचे. ४२ चा वर्ग उणे २ म्हणजे १७६२, त्याची बाकी १११. १११ चा वर्ग उणे २ म्हणजे १२३१९, आणि ते बरोबर १२७ गुणिले ९७. पाच पायऱ्या, बाकी शून्य. १२७ मूळ.

आता याच वहीत ४२ च्या जागी चुकून ४३ लिहून पाहा. ४३ चा वर्ग उणे २, १८४७, बाकी ६९. ६९ चा वर्ग उणे २, ४७५९, बाकी ६०. शेवटी ६०. कागदावर कुठेही खाडाखोड नाही, पुढची प्रत्येक पायरी बिनचूक, आणि एक अस्सल मूळ संख्या संयुक्त ठरली. २०४७ ची, म्हणजे घातांक ११ ची, चाचणी केली तर नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात. ती संख्या खरंच संयुक्त आहे, २३ गुणिले ८९. पण ६० कडे आणि १७३६ कडे नुसतं बघून कुणालाही सांगता येणार नाही की यातला खोटा नकार कोणता. खोटं शून्य पकडलं जातं, कारण शून्य आलं की दहा जण तपासायला धावतात. खोटा नकार गर्दीत मिसळतो.

चूक होते कुठे, हे बघायला यंत्राच्या आत थोडं उतरावं लागतं. १३,६२,७९,८४१ बिटांच्या संख्येचे कोट्यवधी वर्ग शाळेच्या पद्धतीनं करायला गेलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून ती संख्या सुमारे ७५ लाख तुकड्यांत चिरतात, दर तुकडा अठरा बिटांच्या आसपास. सगळ्या तुकड्यांवर फूरिये रूपांतर करायचं, मग दर जागेवरच्या आकड्याचा स्वतंत्र वर्ग, मग उलट रूपांतर, आणि शेवटी हातचे पुढच्या तुकड्यात नेत नेत संख्या पुन्हा बांधायची. घातांकाला तुकड्यांच्या संख्येनं पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे तुकडे सारखे नसतात. रिचर्ड क्रँडॉल आणि बॅरी फेगिन यांनी १९९४ मध्ये त्या तुकड्यांना अपरिमेय वजनं लावायची युक्ती दिली आणि ती मघाची घडी रूपांतरातच आपोआप पडू लागली. ही सगळी उठाठेव दशांश चिन्हाच्या आकड्यांत होते. उलट रूपांतरानंतर दर जागी पूर्णांक यायला हवा. प्रत्यक्षात येतं ते त्याच्या अगदी जवळचं काहीतरी, आणि प्रोग्रॅम ते जवळच्या पूर्णांकावर बसवतो. फरक ०.१, ०.२ असेल तर काळजी नाही. ०.४ च्या वर गेला की प्रोग्रॅम इशारा देतो, कारण ०.५ पाशी कुठल्या बाजूला बसवायचं हेच कळेनासं होतं. मग तुकडे बारीक करायचे, रूपांतराची लांबी वाढवायची, थोडा वेग सोडायचा.

हे झालं गणिताचं. हार्डवेअरच्या तऱ्हा वेगळ्या. आठवडेच्या आठवडे प्रोसेसर पूर्ण ताकदीनं चालतो, पंखा एकाच सुरात घुमत राहतो, कॅबिनेटवर हात ठेवला तर खालून ऊब येते. उन्हाळ्यात खोलीचं तापमान चढतं, पंख्याच्या पात्यांवर धूळ बसलेली असते, आणि कोट्यवधी पायऱ्यांपैकी एखाद्या पायरीत मेमरीतला एक बिट उलटतो. स्क्रीनवर काहीही होत नाही. पायरीचा आकडा वाढत राहतो, उरलेला वेळ कमी होत राहतो. ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवलेला, प्रोसेसर गेम व्यवस्थित चालवतो आणि इथे निकाल बिघडवतो, कारण खेळातला एक चुकलेला ठिपका पुढच्या चित्रात पुसला जातो. इथे एक चुकलेला बिट पुढच्याच वर्गात सगळ्या संख्येभर पसरतो. म्हणून ‘प्राइम९५’ हा या शोधाचा प्रोग्रॅम नवं मशीन बांधणारे लोक निव्वळ कस लावायला चालवतात. एखादी रात्र काढली नाही तर व्होल्टेज, मेमरीचा वेग, नाहीतर हीटसिंकवरची पेस्ट, काहीतरी बिनसलेलं असतं. त्याच जानेवारी २०१६ मध्ये इंटेलनं कबूल केलं की स्कायलेक प्रोसेसर विशिष्ट परिस्थितीत गोठतात. तो दोष सापडला होता ‘प्राइम९५’ मध्ये, १४९४२२०९ हा घातांक चालवताना.

एक बिघाड मात्र स्वतःची खूण मागे ठेवतो. मेमरीतली सगळी संख्या काही कारणानं शून्य झाली, तर पुढच्या पायरीत शून्याचा वर्ग उणे २, म्हणजे वजा २. त्याचा वर्ग ४, उणे २, दोन. मग दोनच. दोन, दोन, दोन, शेवटपर्यंत. दिवसचे दिवस यंत्र दोनचा वर्ग करून दोन वजा करत बसतं आणि शेवटी मोठ्या इमानानं ‘बाकी २’ असं कळवतं. चांगले प्रोग्रॅम आता मध्येच शून्य, दोन किंवा वजा दोन दिसले की थांबतात. आधीच्या काळात असे निकाल खरोखर येत.

यातून बाहेर पडायचा जुना मार्ग एकच होता: तीच चाचणी दुसऱ्याकडून पुन्हा करून घ्यायची. दोघांच्या शेवटच्या बाकीचे खालचे ६४ बिट जुळले तर नकार पक्का. दुसऱ्या वेळी सुरुवातीचा ४ मुद्दाम काही बिट सरकवून ठेवतात, म्हणजे उत्तर तेच येतं पण रूपांतरातून जाणारे आकडे सगळे वेगळे असतात, आणि प्रोग्रॅममधली एकच चूक दोघांना सारखं फसवू शकत नाही. शंभरातल्या एक-दोन पहिल्या चाचण्या अशा जुळत नसत, मग तिसरी. त्यातही दुहेरी तपासणी पहिल्या चाचण्यांच्या कित्येक वर्षं मागे रेंगाळायची. बावन्नावीपर्यंतच्या यादीत शेवटच्या काहींचा क्रम म्हणूनच कच्चा धरतात. मधे एखादी निसटली असेल तर सगळे आकडे एकानं सरकतील. ही भीती पोकळ नाही. १३२०४९ हा घातांक १९८३ मध्ये सापडला, २१६०९१ हा १९८५ मध्ये, आणि ११०५०३ सापडला १९८८ मध्ये, कारण मधला पट्टा पुरता तपासलाच गेला नव्हता.

नकार दोन जातींचे असतात, हे यात नीट ध्यानात येतं. एक, अवयवासकट आलेला. दुसरा, नुसता. ज्यांच्या नावानं या संख्या ओळखल्या जातात त्या मर्सेन यांनी १६४४ मध्ये जी यादी दिली तिच्यात ६७ हा घातांक होता. १८७६ मध्ये लुकास यांनी त्याची संख्या संयुक्त असल्याचं दाखवलं, पण अवयव हाती नव्हते. नकार खरा, तरी नुसता. ३१ ऑक्टोबर १९०३ ला न्यू यॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले. एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार हातानं पुरा केला. दोन्ही उत्तरं एक. एक शब्दही न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि टाळ्या झाल्या, असं सांगतात. हे अवयव शोधायला त्यांना तीन वर्षांचे रविवार लागले, असंही सांगतात. आपला नवाचा ताळा इथे करून बघण्यासारखा आहे. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, मग १०, मग १. दुसऱ्याची ६४, मग १०, मग १. गुणाकाराची १०९, मग १०, मग १. एक गुणिले एक, एक. जुळला. दोन अंकांची अदलाबदल झाली असती तर या ताळ्याला कळलं नसतं, हा त्याचा जुना दोष. तरी फळ्यावरच्या त्या गुणाकाराचा असा ताळा करायला अर्धं मिनिट पुरतं.

म्हणूनच आजही मोठी चाचणी लावण्याआधी अवयव शोधून बघतात. अवयव कुठेही लपू शकत नाही. तो दोन गुणिले घातांक गुणिले काहीतरी, अधिक एक, याच साच्यात बसावा लागतो, आणि आठनं भागल्यावर बाकी १ किंवा ७ च यावी लागते. मघाच्या ११ या घातांकाच्या २०४७ चे अवयव बघा: २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे ८८ अधिक १. साच्यात बसणारे उमेदवार ग्राफिक्स कार्ड झपाट्यानं चाळतं. पुढे ‘पी वजा एक’ नावाची रीत येते. साच्यातलं ते ‘काहीतरी’ जर लहान लहान अवयवांनी बनलेलं असेल, तर अवयव कितीही मोठा असो, ती त्याला ओढून काढते. कोल यांच्या १९३७०७७२१ मध्ये ते ‘काहीतरी’ १४४५५८० आहे, म्हणजे ४ गुणिले २७ गुणिले ५ गुणिले २६७७. लहान अवयवांसाठी पहिली मर्यादा ३० आणि उरलेल्या एका मोठ्यासाठी दुसरी २७०० ठेवली तरी आजचा प्रोग्रॅम हा अवयव डोळ्याचं पातं लवायच्या आत देईल. त्या रविवारांची किंमत यानं कमी होते असं मला वाटत नाही.

अवयव न सापडलेल्यांच्या वाट्याला नुसता नकार यायचा. लेहमर यांनी तरुणपणी २५७ या घातांकाची चाचणी टेबलावरच्या गणकयंत्रानं केली, सातशेहून अधिक तास, आणि शेवटी बाकी शून्य आली नाही. ३० जानेवारी १९५२ ला लॉस एंजेलिसमध्ये स्वॅक या संगणकावर राफेल रॉबिन्सन यांचा प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला. ते यंत्र रॉबिन्सन यांनी तोवर पाहिलंही नव्हतं, नुसतं मॅन्युअल वाचून प्रोग्रॅम लिहिला होता. सुरुवातीला २५७ दिला. अठ्ठेचाळीस सेकंदांत उत्तर आलं: संयुक्त. लेहमर तिथेच उभे होते. त्याच रात्री ५२१ आणि ६०७ सापडले, लुकास यांच्या १२७ नंतर पाऊणशे वर्षांनी पहिली मोठी उडी. इतिहासात तीच रात्र लिहिली जाते. मला मात्र ते अठ्ठेचाळीस सेकंद जास्त महत्त्वाचे वाटतात. वीसएक वर्षं एका माणसानं सांभाळलेल्या नकाराचा त्या दिवशी ताळा झाला.

नुसत्या नकाराला पुरावा जोडता येईल असं बराच काळ कुणाला वाटलं नव्हतं. २०१७ मध्ये रॉबर्ट गेर्बित्स यांनी अर्धा रस्ता मोकळा केला. ४ ऐवजी ३ पासून सुरुवात करायची आणि नुसते वर्ग करत जायचं, दोन वजा करायचे नाहीत. ही ‘संभाव्य मूळ’ चाचणी. हो आलं तर ते ‘बहुधा’ असतं, नाही आलं तर ते पक्कं असतं. दर हजार वर्गांनी हाती असलेली संख्या बाजूच्या एका गुणाकारात मिसळायची. असे हजार टप्पे झाले, म्हणजे दहा लाख वर्ग झाले, की त्या साठवणीचा हजार वेळा वर्ग करायचा आणि सुरुवातीच्या संख्येनं गुणायचं. शेवटचा टप्पा मिसळलेल्या साठवणीशी हे तंतोतंत जुळायला हवं. जुळलं नाही तर मधल्या दहा लाखांत कुठेतरी बिट उलटलाय. शेवटच्या खात्रीच्या जागी परत जायचं आणि तेवढाच भाग पुन्हा करायचा. एकूण कामात भर पडते ती हजारात दोन हिश्श्यांची. लुकास-लेहमरला हा ताळा लागू पडत नाही, कारण दर पायरीला वजा होणारे ते दोन गुणाकाराची वीण मोडतात. त्या इवल्या दोनसाठी दीडशे वर्षांची सुंदर चाचणी पहिल्या फेरीतून मागे सरली, याचं थोडं वाईट वाटतं.

उरलेला अर्धा रस्ता क्रिस्टॉफ पिएत्शाक यांच्या कल्पनेतून खुला झाला आणि २०२० पासून वापरात आला. चाचणी चालू असताना ठरावीक अंतरावरच्या २५६ संख्या डिस्कवर ठेवायच्या. सध्याच्या विक्रमी घातांकाएवढ्या चाचणीत दर संख्या १७ एमबीची, म्हणजे चारएक जीबी जागा. शेवटी त्या सगळ्यांतून सुमारे दीडशे एमबीची एक फाइल तयार होते, तीच पुरावा. तपासणाऱ्याला मूळ कामाच्या २५६ व्या हिश्श्याइतकेच वर्ग करावे लागतात. ज्याला पडताळायला आधी पुन्हा सगळे दिवस घालावे लागत, तो नकार आता तासाभराच्या आत तपासून होतो. नुसता नकार पहिल्यांदाच कोल यांच्या फळ्यावरच्या नकाराच्या बरोबरीला आला. माझ्या दृष्टीनं गेल्या दहा वर्षांतली या क्षेत्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. बातमी तिची झाली नाही.

बातमी झाली ती ऑक्टोबर २०२४ ची. ल्यूक ड्युरंट यांनी अनेक देशांतल्या डेटा सेंटरमधली ग्राफिक्स कार्डं भाड्यानं घेऊन मिहाई प्रेडा यांचा ‘जीपीयूआउल’ हा प्रोग्रॅम चालवला. ११ ऑक्टोबरला डब्लिनमधल्या एका ए१०० कार्डानं १३६२७९८४१ या घातांकासाठी ‘बहुधा मूळ’ असं कळवलं. दुसऱ्याच दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत एच१०० कार्डावर जुनी लुकास-लेहमर चाचणी पुरी झाली: बाकी शून्य. ४,१०,२४,३२० अंक. ‘हो’ म्हणायची वेळ आली की अजून ४ पासूनच सुरुवात करावी लागते, दर पायरीला ते दोन वजा करत. साध्या, कुठल्याही साच्यात न बसणाऱ्या संख्येची मूळता सिद्ध करायला लंबवर्तुळी वक्रांची रीत वापरतात. तिनं २०२३ मध्ये ८६,४५३ एकांची ओळ असलेली संख्या मूळ ठरवली आणि तो मोठा पराक्रम होता. मर्सेन संख्येत १ मिळवला की नुसता दोनचा घात उरतो, म्हणून तिच्यासाठी इतकी आखूड वाट आहे.

सप्टेंबर २०१५ च्या त्या संगणकाकडे मन पुन्हा जातं. त्याला ईमेलचं काहीच ठाऊक नव्हतं. एकतीस दिवसांची शेवटची पायरी झाली, बाकी शून्य आली, ओळ सर्व्हरकडे गेली. मग रांगेतला पुढचा घातांक त्यानं घेतला असणार, आणि पुन्हा चारचा वर्ग करून दोन वजा केले असणार. चौदा. एकशे चौऱ्याण्णव. सदतीस हजार सहाशे चौतीस.